काउंटरस्पेलवर काउंटरस्पेल: फासा कधी टाकायचा आणि स्लॉट कुणाचा जातो?

एका डीएमने (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारा) विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. डीएम नवे, प्लेअर चार, सगळे नवव्या लेव्हलचे. नियम डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळाच्या पाचव्या आवृत्तीचे, म्हणजे २०१४ च्या पुस्तकाचे. समोर मॉन्स्टर मॅन्युअल या शत्रूंच्या पुस्तकातला ‘मेज’, म्हणजे जादूगार. डीएम म्हणाले, “तो कोन ऑफ कोल्ड टाकतोय.” हा थंडीचा स्पेल, म्हणजे मंत्र. विझार्डने (जादूगार पात्राच्या प्लेअरने) लगेच आपला पाचव्या लेव्हलचा स्लॉट (स्पेल टाकायचा मोजका साठा) काढून काउंटरस्पेल, म्हणजे समोरचा स्पेल उडवणारा स्पेल, मारला. त्यावर मेजने तिसऱ्या लेव्हलचा काउंटरस्पेल मारला. डीएमने वीस बाजूंचा फासा टाकला, १७ पडले, वर मेजचे ३, झाले २०. मेजचं जमलं. एवढ्यात सॉर्सरर (पार्टीतली दुसरी जादूगार) म्हणाली, “थांबा थांबा, त्याला मी काउंटर करते!” तिथून वाद सुरू झाला तो सेशन संपेपर्यंत. मेजला स्वतःच्याच टर्नमध्ये (पाळीत) रिअॅक्शन (काही घडताच करायची झटपट कृती; काउंटरस्पेल तिनेच मारतात) वापरता येते का? आधी कुणाचा स्पेल धरायचा? सॉर्सररला उशीर झाला का? स्लॉट कुणाचे गेले? आणि शेवटी डीएमचं मनातलं दुखणं: बॉसला कुणी स्पेल टाकूच देत नाही, करायचं काय?

सोप्यापासून सुरू करतो. मेजला स्वतःच्या टर्नमध्ये रिअॅक्शन वापरता येते. रिअॅक्शन फक्त दुसऱ्याच्या टर्नमध्येच वापरायची, असं पुस्तकात कुठेही नाही; एकदा वापरली की पुढची टर्न सुरू होईपर्यंत परत मिळत नाही, एवढंच आहे. आपल्या स्पेलवर आलेला काउंटरस्पेल आपणच उडवणं चालतं, हे सेज अॅडव्हाइस या अधिकृत नियम-खुलाशांमध्येही स्पष्ट केलेलं आहे. एक हात कोन ऑफ कोल्डमध्ये गुंतलेला असताना दुसरा हात कसा हलवला, हा प्रश्न तुमच्या विझार्डने विचारला असेल तर तो रास्त आहे, पण नियम तिथे आड येत नाही. आड येतो तो वेगळा नियम. त्याच टर्नमध्ये मेजने बोनस अॅक्शनने (मुख्य कृतीखेरीजच्या जास्तीच्या कृतीने) मिस्टी स्टेप हा स्पेल टाकला असता, तर त्या टर्नमध्ये त्याला एक अॅक्शनवाल्या कँट्रिपशिवाय (स्लॉट न लागणाऱ्या छोट्या स्पेलशिवाय) दुसरा कुठलाही स्पेल टाकता आला नसता. ना कोन ऑफ कोल्ड, ना काउंटरस्पेल. हे प्लेअरनाही लागू आहे आणि बहुतेक टेबलांवर विसरलं जातं.

आता क्रम. लग्नाच्या पंगतीत ताटांची चळत असते, आठवा. शेवटी ठेवलेलं ताट वर असतं आणि तेच आधी उचललं जातं. सगळ्यात खाली कोन ऑफ कोल्ड, पाचव्या लेव्हलचा. त्यावर विझार्डचा काउंटरस्पेल, पाचव्या स्लॉटचा. त्यावर मेजचा, तिसऱ्या स्लॉटचा. सगळ्यात वर सॉर्सररचा, समजा तिसऱ्याच स्लॉटचा. उचलायला वरून सुरुवात करा. सॉर्सररचा स्पेल मेजच्या काउंटरस्पेलवर आहे. तो तिसऱ्या लेव्हलचा, सॉर्सररच्या स्लॉटपेक्षा मोठा नाही, म्हणजे आपोआप उडाला, फासा नाही. मेजचा काउंटरस्पेल गेल्यामुळे विझार्डचा टिकला. तो पाचव्या स्लॉटचा, समोर पाचव्या लेव्हलचा स्पेल, तोही आपोआप उडाला. कोन ऑफ कोल्ड गेला. या सगळ्यात फासा एकदाही पडलेला नाही, हे लक्षात आलं का?

तुमच्याकडे फासा पडला, आणि घोळ तिथेच झाला. मेजचा तिसऱ्या स्लॉटचा काउंटरस्पेल पाचव्या स्लॉटने टाकलेल्या, म्हणजे पाचव्या लेव्हलच्या स्पेलवर होता, म्हणून त्याला चेक (फासा अधिक बोनस) करावा लागणार होता: डीसी, म्हणजे गाठायचा आकडा, १० अधिक लेव्हल, म्हणजे १५. मेजचं इंटेलिजन्स (बुद्धी) १७, त्याचे +३, म्हणजे १२ किंवा वर हवेत, ४५ टक्के. पण हा चेक कधी करायचा? वरची सगळी ताटं ठेवून झाल्यावर. काउंटरस्पेल मारायची वेळ असते ती समोरचा स्पेल टाकत असताना. निकाल लागल्यावर नाही. तुम्ही फासा टाकलात तेव्हा तुम्ही मेजच्या काउंटरस्पेलचा निकाल लावला, आणि सॉर्सररला तोंड उघडायला जागाच ठेवली नाही. ती म्हणणार की मला विचारलं नाही, तुम्ही म्हणणार की फासा पडला. दोघंही बरोबर.

म्हणून आमच्या टेबलवर एक वाक्य ठरलेलं आहे. कुठलाही स्पेल सुरू झाला, की तो टाकणारा म्हणतो, “मंत्र सुरू.” मग मी हात टेबलावर ठेवतो आणि मनात तीन आकडे मोजतो. त्या वेळात ज्याला अडवायचंय त्याने “अडवतो” एवढंच म्हणायचं, बरोबर स्लॉट सांगायचा. तो काउंटरस्पेल हाही एक मंत्रच, म्हणून पुन्हा हात टेबलावर, पुन्हा तीन आकडे. कुणीच काही बोललं नाही की मी हात उचलतो, आणि तिथून वरून खाली निकाल. हात उचलल्यावर अडवता येत नाही. फासा हात उचलल्यावरच पडतो. ऐकायला शाळेतल्या खेळासारखं वाटतं, पण हे सुरू केल्यापासून आमच्याकडे काउंटरस्पेलवरून एकदाही आवाज चढलेला नाही.

यात न दिसणारी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नाव. तुम्ही “कोन ऑफ कोल्ड टाकतोय” म्हणालात आणि विझार्डने नेमका पाचवा स्लॉट काढला. तुम्हाला फसवल्यासारखं वाटलं, पण पत्ते तुम्हीच उघडे टाकलेत. हीच चूक मी काही वर्षं केली. माझ्या तोंडून “फायरबॉल!” सवयीने निघायचं, कारण तो शब्द उच्चारायला मजा येते. मग प्लेअर हिशेब करायचे: फायरबॉल, तिसरी लेव्हल, तिसरा स्लॉट पुरे. आणि मी “हा काहीतरी मंत्र पुटपुटतोय” असं म्हटलं की मख्ख बसायचे, कारण त्यांना वाटायचं की मी नाव लपवतोय म्हणजे मोठंच काहीतरी असणार.

तर लढाईआधी मी चिठ्ठ्या लिहितो. मेज असेल तर “कोन ऑफ कोल्ड, ५”, “फायरबॉल, ३”, “आइस स्टॉर्म, ४”, एकेक कागदाची घडी. त्याची टर्न आली की एक घडी टेबलावर टाकतो आणि दिसतं ते सांगतो: “त्याने दोन्ही हात पुढे केले, श्वास सोडला तो पांढरा दिसतोय. मंत्र सुरू.” दिसण्यावरून अंदाज बांधायची मुभा प्लेअरना आहे. श्वास पांढरा म्हणजे बर्फ, एवढं कुणालाही कळतं. बर्फाचा कुठला, हे मात्र अंदाजाचं काम. सगळे अडवून झाले की घडी उघडतो. मी मध्येच स्पेल बदलला असा संशय कुणाला येत नाही, कारण कागद आधीपासून तिथे पडलेला असतो.

ओळखायचा अधिकृत मार्ग २०१७ च्या झॅनाथर्स गाइड या जोडपुस्तकात आहे. आर्केनाचा (जादूच्या ज्ञानाचा) चेक, डीसी १५ अधिक स्पेलची लेव्हल. म्हणजे कोन ऑफ कोल्डसाठी २०, चांगलाच अवघड. शिवाय समोरच्याचा स्पेल चालू असताना ओळखायचा तर त्यासाठी रिअॅक्शन खर्च होते. ती ओळखण्यात गेली की अडवायला उरत नाही. ओळखेल तो अडवणार नाही, अडवेल तो ओळखणार नाही. मला हे आवडतं, कारण त्यातून दोघांचं काम निघतं. आमचा बार्ड (गायक-जादूगार पात्र) रिअॅक्शन देऊन ओळखतो आणि एक शब्द ओरडतो, “बर्फ, पाच!” आणि विझार्ड अडवतो. दुसऱ्याच्या टर्नमध्ये एवढं ओरडून सांगणं पुस्तकाच्या काटेकोर वाचनात बसतं का, यावर भांडता येईल. मी चालू देतो. दोन जणांची रिअॅक्शन आणि एक स्लॉट गेलाय, पुरे झालं की.

ओळखलं नसेल तर किती लेव्हलचा स्लॉट घालावा? नव्या प्लेअरना मी सांगतो, तिसराच. तुमच्या विझार्डचं इंटेलिजन्स १८ धरू, म्हणजे +४. समोरचा स्पेल चौथ्या लेव्हलचा असला तर ५५ टक्के, पाचव्याचा ५०, दर लेव्हलला पाच टक्के कमी होत नवव्याला ३०. म्हणजे तिसऱ्या स्लॉटचा काउंटरस्पेल अगदीच दुबळा कधी नसतो. नवव्या लेव्हलच्या विझार्डकडे पाचवा स्लॉट दिवसाला एकच. तो आंधळेपणी अडवण्यात घालवणं म्हणजे पाचशेची नोट देऊन पेरू घ्यायचा आणि सुटे परत मागायचे नाहीत.

हा चेक म्हणजे साधा अॅबिलिटी (अंगभूत गुणाचा) चेक आहे, त्याचे फायदे कमी लोक घेतात. बार्डचं जॅक ऑफ ऑल ट्रेड्स (न शिकलेल्या कामातही मिळणारा थोडा बोनस) इथे लागू होतं. दहाव्या लेव्हलचा अॅब्जुरेशन (संरक्षक जादूचा) विझार्ड प्रोफिशियन्सी (तरबेजपणाचा) बोनस मिळवतो. उलट बाजूनेही चालतं: तुमच्या पार्टीत वॉरलॉक असेल तर त्याने मेजवर हेक्स (एका गुणाचे चेक बिघडवणारा शाप) टाकताना इंटेलिजन्स निवडावं. मेजचे ४५ टक्के डिसअॅडव्हान्टेजमुळे (दोन फासे टाकून कमी तो धरायचा) २० वर येतात. हेक्समध्ये बहुतेक जण स्ट्रेंग्थ नाहीतर विज्डम निवडतात, म्हणून हे कुणाला सुचत नाही. आणि पंधराव्या लेव्हलच्या बार्डने ग्लिबनेस (करिस्माच्या चेकला फाशाऐवजी १५ धरू देणारा स्पेल) टाकलेला असेल, त्याने मॅजिकल सीक्रेट्समधून (इतरांचे स्पेल शिकायची मुभा) काउंटरस्पेल घेतलेला असेल, करिस्मा २० असेल, तर त्याचा चेक २० च्या खाली जातच नाही. नवव्या लेव्हलच्या स्पेलचा डीसी १९. असा बार्ड समोर बसला की डीएमने चहा मागवावा.

स्लॉट. २०१४ च्या नियमात अडवलेल्या स्पेलचा स्लॉट गेला. तुमच्याकडे पाचवा आणि तिसरा मेजचा, पाचवा विझार्डचा, तिसरा सॉर्सररचा, सगळे खर्च. मौल्यवान साहित्याचं काय, यावर मी माझा नियम करून ठेवलाय. एकदा माझ्या खलनायकाने आमच्या क्लेरिकचा (पुरोहित पात्राचा) रिव्हिव्हिफाय, म्हणजे मेलेल्याला उठवणारा स्पेल, अडवला. तिसऱ्या लेव्हलचा स्पेल, मेल्यानंतर एक मिनिटाच्या आत टाकायचा, ३०० गोल्ड पीसचे हिरे लागतात आणि ते खर्च होतात. खेळाच्या दृष्टीने योग्य चाल होती. टेबलवर मात्र कुणी बोलेना. मेलेल्या पात्राच्या प्लेअरने पुढचा अर्धा तास मोबाइल बघितला. तेव्हा मी ठरवलं: अडवलेल्या स्पेलमध्ये स्लॉट जातो, हिरा राहतो. आणि रिव्हिव्हिफाय अडवायचाच असेल तर शत्रूने आधी तसा स्वभाव दाखवलेला असला पाहिजे.

हे शत्रूच्या डोक्याबद्दलही आहे. प्लेअर म्हणतो “मी फायरबॉल टाकतो” आणि डीएमला सगळं कळतं. तुम्ही प्रामाणिक असलात तरी कळलेलं कळलेलंच. म्हणून चिठ्ठ्यांच्याच कागदावर मी लढाईआधी एक ओळ लिहितो: “हा गर्विष्ठ आहे, पहिला स्पेल अडवणार नाही, अर्धे हिट पॉइंट (जीव) गेल्यावर जो दिसेल तो अडवेल.” मग त्या ओळीप्रमाणेच खेळतो, मूर्खपणा ठरला तरी. प्लेअरनी एकदा कँट्रिप टाकून माझ्या मेजचा काउंटरस्पेल काढून घेतला आणि मागून खरा स्पेल आला. ओळ तशीच लिहिली होती, मी काय करणार.

बॉसच्या दुखण्याकडे येतो. पहिलं म्हणजे अंतर मोजा. काउंटरस्पेल साठ फुटांत चालतो, आणि स्पेल टाकणारा दिसला पाहिजे. फायरबॉलची रेंज दीडशे फूट आहे. पासष्ट फुटांवर उभ्या असलेल्या मेजला कुणी अडवू शकत नाही. कोन ऑफ कोल्डसाठी त्याला जवळ यावंच लागतं, म्हणून तो दूर असताना फायरबॉल आणि जवळ आल्यावर बर्फ, असा विचार करणारा मेज मला जास्त खरा वाटतो. धुकं, अंधार, खांब, सगळं उपयोगी. खांबाआड उभं राहून स्पेल रेडी करायचा, मग बाहेर यायचं आणि ठरवलेल्या क्षणी सोडायचा, हीही चाल आहे. मंत्र खांबाआड म्हटला गेला, तेव्हा तो कुणी पाहिला नाही. सोडताना अडवता येत नाही. किंमत आहेच: धरून ठेवायला कॉन्सन्ट्रेशन (एकाग्रता) लागतं, आणि तेवढ्यात कुणी मारलं आणि ते तुटलं तर स्लॉट पाण्यात. शिवाय सोडायला रिअॅक्शन जाते.

दुसरं म्हणजे रिअॅक्शन आधी काढून घ्या. बॉसबरोबर एक किरकोळ चेला ठेवा जो आधी स्पेल टाकतो. विझार्डने त्याला अडवलं की बॉस मोकळा. प्लेअरही हेच करू शकतात: मेजवर तलवार चालवा, त्याने शील्ड हा बचावाचा स्पेल टाकला की त्याची रिअॅक्शन संपली. २०१४ मधला शॉकिंग ग्रास्प हा कँट्रिप लागला तर समोरच्याची रिअॅक्शनच बंद होते (२०२४ मध्ये फक्त ऑपर्च्युनिटी अटॅक (दूर जाणाऱ्यावरचा वार) बंद होतो, हे बघून घ्या). सॉर्सररकडे सटल स्पेल (हातवारे आणि शब्दांशिवाय स्पेल टाकायची कला) असेल तर ती एका सॉर्सरी पॉइंटमध्ये काउंटरस्पेलच असा मारू शकते की तो दिसतच नाही, म्हणून त्यावर कुणाला काउंटर करता येत नाही. तुमच्या सॉर्सररला हे सांगू नका असं म्हणणार होतो, पण तिला कळेलच.

तिसरं, सगळं स्पेलनेच करू नका. २०२२ च्या मॉन्स्टर्स ऑफ द मल्टिव्हर्समध्ये बऱ्याच जादूगारांना आर्केन बर्स्टसारखे हल्ले दिले आहेत, जे जादूचे वाटतात पण स्पेल नाहीत. ते अडवता येत नाहीत. पण सगळेच बॉस तसे केलेत तर विझार्डने काउंटरस्पेल घेऊन काय केलं? त्याला तीनातला एक अडवू द्या.

तुम्ही २०२४ च्या पुस्तकावर जाणार असाल तर वरचं अर्धं गणित बदलतं. तिथे अडवणारा चेक करतच नाही; स्पेल टाकणारा कॉन्स्टिट्यूशनचा (शरीरबळाचा) सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, करतो. लेव्हलचा संबंध संपला. पहिल्या लेव्हलचा मॅजिक मिसाइल आणि नवव्या लेव्हलचा पॉवर वर्ड किल, दोघांना तोच सेव्ह. तुमच्या विझार्डचा डीसी १६. २०१४ च्या मेजचं कॉन्स्टिट्यूशन ११, सेव्हला बोनस शून्य, म्हणजे चारातला एकदाच तो वाचेल. २०१४ मधल्याच लिचला (मरूनही उरलेल्या महाजादूगाराला) कॉन्स्टिट्यूशन सेव्हला +१० आहेत आणि लेजेंडरी रेझिस्टन्स (हुकलेला सेव्ह जमला असं धरायची मुभा) आहे. त्याला अडवणं जवळजवळ बंद. जुन्या नियमात सेव्ह नव्हता म्हणून लेजेंडरी रेझिस्टन्स काउंटरस्पेलपुढे कामाला येत नव्हता. बॉसला वाचवणारा खरा बदल हाच. मॅजिक रेझिस्टन्सवाल्यांना (जादूला दाद न देणाऱ्यांना) तर अॅडव्हान्टेजही (दोन फासे, जास्त तो धरायचा) मिळतो.

दुसरा बदल स्लॉटचा. २०२४ मध्ये अडवलेल्याची अॅक्शन वाया जाते, पण स्लॉट राहतो. आणि एका टर्नमध्ये एकच स्लॉट खर्च करता येतो. म्हणून तुमच्या विझार्डने स्वतःच्या टर्नमध्ये स्लॉटने स्पेल टाकला आणि शत्रूने अडवला, तर त्यावर स्लॉटचाच काउंटरस्पेल त्याला मारता येत नाही. शेजारी बसलेली सॉर्सरर मारू शकते. चळत छोटी होते. गंमत अशी की २०२४ चे राक्षस स्पेल टाकतात ते ‘दिवसातून अमुक वेळा’ या हिशेबाने, स्लॉटने नाही, त्यामुळे ही मर्यादा अक्षरशः वाचली तर त्यांना लागतच नाही. मी लावतो. प्लेअरना बांधलं तर मेजलाही बांधायचं.

जुन्या लोकांसाठी एक आठवण: २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत आणि २००३ च्या साडेतीनमध्ये अडवायचं असेल तर आपली अॅक्शन ‘रेडी’ करून बसावं लागे, स्पेलक्राफ्ट या कौशल्याने समोरचा स्पेल ओळखावा लागे, आणि सहसा तोच स्पेल आपल्याकडे असावा लागे. हेस्टला त्याचा उलटा स्पेल स्लो चाले, नाहीतर डिस्पेल मॅजिक (जादू उतरवणारा स्पेल) टाकून चेक. कुणी करायचंच नाही. पाचव्या आवृत्तीने ते एका रिअॅक्शनवर आणलं, म्हणून आज सगळे करतात आणि सगळे भांडतात.

आता तुमच्या त्या सेशनचा निकाल. “हात उचलला की दार बंद” हा नियम तुम्ही आधी सांगितला नव्हता, म्हणून सॉर्सररला उशीर झाला असं धरू नका. तिचा काउंटरस्पेल मान्य करा, फाशावरचे २० विसरा, कोन ऑफ कोल्ड उडाला. पुढच्या सेशनला सुरुवातीलाच नियम सांगून टाका. कागदावर विझार्डचा पाचवा स्लॉट आणि सॉर्सररचा तिसरा खोडा; मेजचा पाचवा आणि एक तिसरा खोडा. आधी वापरला नसेल तर मेजकडे तिसऱ्या लेव्हलचे अजून दोन स्लॉट आहेत आणि फायरबॉल तयार आहे. त्याला खोलीच्या पार टोकाला न्या, मोजून पासष्ट फुटांवर, आणि चिठ्ठी आजच लिहून ठेवा.